निर्यातीच्या मालाला मजुराच्या हक्काची अट: हेतू कोणाचा आणि खर्च कोणाचा?

शिपिंगबिल (धागालेखक)

गेली सत्तावीस वर्षे मी अंधेरी पूर्वेला तयार कपड्यांच्या एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचे काम पाहतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, ड्रॉबॅकचा (भरलेले शुल्क परत मिळण्याचा) दावा, एलसीची (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पतपत्राची) कागदपत्रे मुदतीत बँकेत पोहोचवणे, एवढ्यात माझा दिवस संपतो. कारखाना लहान आहे. मशीनवर एकशे दहा माणसे आणि बाहेर जॉबवर्कवर जवळपास तेवढीच.

गेल्या महिन्यात युरोपातील एका जुन्या खरेदीदाराकडून चौसष्ट पानांची प्रश्नावली आली. तुमच्या कापडाचा कापूस कोणत्या जिनिंगमधून (सरकी काढण्याच्या कारखान्यातून) आला, काज-बटण करणारा जॉबवर्कर ओव्हरटाइमची नोंद ठेवतो का, ठेकेदाराने कोणाचे आधार कार्ड स्वतःकडे अडकवून ठेवले आहे का, गावाहून आणताना दिलेली उचल मजुरीतून कशी वळती करून घेतली जाते, असे एकशे बारा प्रश्न त्यात होते. प्रश्न चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांतील निम्मे तरी आपल्याच कामगार निरीक्षकांनी वीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. पण त्याच आठवड्यात त्याच कंपनीच्या खरेदी विभागाची दुसरी मेल आली, की पुढच्या हंगामासाठी शर्टामागे चार टक्के दर कमी करावा. मी दोन्ही मेलच्या प्रती काढून एकाच फाईलला लावल्या.

ही प्रश्नावली त्या खरेदीदाराला अचानक सुचलेली नाही. जर्मनीचा पुरवठासाखळीविषयीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. वेठबिगारीने तयार झालेला माल बाजारात येऊ न देणारा युरोपीय संघाचा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. अमेरिकेत अशा मालावरील बंदी १९३० च्या जकात कायद्यातच आहे, आणि जून २०२२ पासून चीनच्या शिनजियांग प्रांतातील माल वेठबिगारीचाच आहे असे गृहीत धरून अडवला जातो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आयात करणाऱ्यावर असतो. कापूस नेमका कुठला, हा प्रश्न आमच्या शर्टापर्यंत आला तो या वाटेने.

आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुटीत यावर बराच वाद झाला. बहुतेकांचे मत असे पडले, की हे सारे आपली निर्यात अडवण्याचे सोंग आहे. मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण मुंबईच्याच इतिहासात आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या इतक्या वाढल्या, की इंग्लंडमधील लँकेशायरच्या कारखानदारांना मुंबईचे सूत डोळ्यांत सलू लागले. मुंबईतील मुले आणि बायका किती तास राबतात याची कणव त्यांना नेमकी त्याच वेळी आली. १८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा विषय ब्रिटिश संसदेत काढला, आणि त्याच वर्षी मुंबईत आयोग बसला. आयोगातील बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. शेवटी १८८१ चा फॅक्टरी कायदा आला: सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ही त्या वेळची सुधारणा होती. आपल्याकडच्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याला बहुतांशी विरोधच केला, कारण त्यांना त्यामागे मँचेस्टरचा, म्हणजे लँकेशायरच्याच गिरणीमालकांचा, हात दिसत होता. हात होताच.

माझा प्रश्न असा आहे: नियमामागचा हेतू स्वच्छ नसेल, तर नियमच टाकून द्यायचा का? आणि टाकायचा नसेल, तर त्याचा खर्च कोणी उचलायचा?

गिरणगाव_परळ

धागा आवडला, पण लँकेशायरला तुम्ही फारच सवलतीत सोडलेत. त्यांच्या भूतदयेची परीक्षा १८९६ मध्ये झाली. सरकारला महसूल हवा होता म्हणून विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात बसवली, आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर लावला. जगात सगळीकडे जकात स्वदेशी धंद्याला आडोसा म्हणून असते. आमच्याकडे आडोसा उभा राहू नये म्हणून कर होता. तो रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. मजुराच्या मुलांची काळजी वाहणाऱ्यांनी या तीस वर्षांत त्या मजुराच्या पगारावर होणाऱ्या परिणामाची काळजी केल्याचे मला कुठे आढळले नाही.

मात्र तुमच्या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा माणूस तुमच्याकडून राहून गेला. नारायण मेघाजी लोखंडे. १८८१ चा कायदा अपुरा आहे हे सांगायला १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यातील मागण्या पाहा: दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. लँकेशायरच्या यादीत पगाराची तारीख नव्हती. ती यायला कामगाराचीच सभा लागली.

१८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यात आली.

शिपिंगबिल

लोखंडे यांचे नाव राहिले ही माझी चूकच, आणि तुम्ही ते योग्य जागी आणलेत. माझ्या आठवणीप्रमाणे सोराबजी शापुरजी बंगाली यांचेही नाव घ्यायला हवे. १८७५ च्या आयोगानंतर कायद्याचा खासगी मसुदा त्यांनी तयार केला. म्हणजे मँचेस्टरचा स्वार्थ, मुंबईतल्या एका पारशी गृहस्थाची तळमळ आणि कामगारांचा स्वतःचा दबाव हे तीन धागे एकाच कापडात विणलेले होते. स्वार्थाने दार किलकिले केले, पण आत शिरून रविवार मिळवला तो कामगारांनी.

काळाघोडा_वकील

व्यवसायाने मी व्यापारी करारांच्या वादांत काम करतो, त्यामुळे थोडे तांत्रिक लिहितो.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी सिंगापूरला भरलेल्या तिच्या मंत्रिस्तरीय परिषदेत श्रीमंत देशांनी कामगारविषयक अट व्यापार नियमांत घालण्याचा आग्रह धरला. भारताने त्याला कडाडून विरोध केला. डिसेंबर १९९६ च्या जाहीरनाम्यात शेवटी असे आले, की कामगारांच्या मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आहे, ही मानके स्वदेशी धंद्याच्या संरक्षणासाठी वापरू नयेत आणि स्वस्त मजुरीच्या देशांचा त्याबाबतचा लाभ प्रश्नांकित करू नये. त्या वेळी आपल्याकडे हा विजय मानला गेला. पण दाराने अडवलेली अट खिडकीतून आली: आधी कंपन्यांच्या आचारसंहितांमधून, नंतर आयात करणाऱ्या देशांच्या स्वतःच्या कायद्यांमधून, आणि आता द्विपक्षीय करारांमधून. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात कामगारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. तीस वर्षांपूर्वी जे आपल्याला अजिबात चालत नव्हते, त्यावर आपण सही केली आहे. मी त्याला हार म्हणत नाही. पण जिनिव्हात बसून सर्वांसाठी एक नियम घडवण्याची संधी आपण सोडली आणि आता प्रत्येक खरेदीदाराची वेगळी प्रश्नावली भरत बसलो आहोत, असे मात्र मला वाटते.

या अटी मजुरापर्यंत कशा पोहोचतात, याचे दोन दाखले शेजारच्या बांगलादेशात आहेत आणि दोन्ही फार बोलके आहेत.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सेनेटमध्ये बालमजुरांनी केलेल्या मालावर बंदी घालणारे विधेयक मांडले गेले. ते कधी मंजूरच झाले नाही. पण नुसत्या चाहुलीने ढाक्याच्या कारखानदारांनी मुले काढून टाकली. युनिसेफने तो आकडा सुमारे ५०,००० दिला होता. मुले शाळेत गेली नाहीत. कोणी खडी फोडायला, कोणी रस्त्यावर विक्रीला, आणि काही मुली त्याहून वाईट ठिकाणी गेल्या. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी करार करून काढलेल्या मुलांसाठी शाळा आणि विद्यावेतनाची सोय केली, तेव्हा कुठे घडी बसली.

दुसरा दाखला राणा प्लाझाचा. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील ती आठमजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. इमारतीतील बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिवणकामाच्या मजल्यांवरील कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. त्यातील काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट (खरेदीदारांसाठी केलेली कामगारांच्या परिस्थितीची तपासणी) आधी झालेले होते, हे लक्षात ठेवावे. यावर अमेरिकेने दोन महिन्यांत बांगलादेशची जकात सवलत स्थगित केली. त्या सवलतीत तयार कपडे मुळात नव्हतेच! शिक्षा झाली ती तंबू, चिनी मातीची भांडी असल्या वस्तूंच्या निर्यातदारांना.

फरक पडला तो वेगळ्या कराराने. दोनशेहून अधिक ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षाविषयक करार झाला, आणि त्यात एक कलम असे होते, की दुरुस्तीचा खर्च कारखान्याला परवडेल अशी व्यवस्था ब्रँडने करायची. धागालेखकांच्या चार टक्क्यांच्या मेलला उत्तर त्या कलमात आहे.

नफातोटा

मी वसईत स्क्रू आणि बोल्ट बनवतो. चाळीस माणसे. युरोपने कार्बनचा जो सीमाकर आणला आहे त्यात माझा बोल्टही येतो, म्हणून पोलाद कोणत्या भट्टीत वितळले याचा हिशोब मला आधीच द्यावा लागतो. आता मजुरांची प्रश्नावली आली की मी दोन माणसे फक्त फॉर्म भरायला ठेवीन, आणि त्यांचा पगार मशीनवरच्या माणसांच्या बोनसमधून काढीन. मोठ्या कंपनीला कंप्लायन्स (नियमपालनाचा) विभाग असतो. लहान माणसाला बायको असते, ती रात्री जेवण झाल्यावर एक्सेल भरते.

आणि हक्कांची भाषा करताना एक हक्क विसरू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जकात लावली. सीप्झमध्ये (अंधेरीच्या मरोळ भागातील निर्यात वसाहत) दागिने घडवणारे माझे दोन नातेवाईक आहेत. त्यांच्या हक्कांची कोणी प्रश्नावली काढली नव्हती. त्यांना एवढेच सांगितले गेले, की पुढच्या आठवड्यापासून तीन दिवस काम. आपण रशियाचे तेल घेतो म्हणून मरोळच्या कारागिराची हजेरी तुटली, यात कोणाचा कोणता मानवी हक्क जपला गेला?

कापूसकोंड्या

नफातोटा यांच्याशी सहमत, पण ती गोष्ट तिथे संपत नाही. मी डोंबिवलीत राहतो, घर यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि भाऊ अजून कापूस लावतो. अमेरिकेच्या जकातीने कपड्यांचे निर्यातदार अडचणीत आले, म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे विदर्भातला कापूस वेचून बाजारात येण्याच्या नेमक्या महिन्यांत. वॉशिंग्टनने मारले अंधेरीला आणि वळ उठला वणीला.

कांद्याचेही तसेच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद, ४ मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. लासलगावच्या शेतकऱ्याला एका रात्रीत कळते, की परदेशात विकण्याचा त्याचा हक्क आज नाही. पुरवठासाखळीतील मानवी हक्कांच्या कोणत्याही प्रश्नावलीत हा प्रश्न का नसतो, याचे मला नवल वाटते. जिनिंगचे नाव विचारतात. जिनिंगवाल्याने कापूस हमीभावाने घेतला का, हे विचारत नाहीत.

शिपिंगबिल

कापूसकोंड्या, तुमचा मुद्दा मला बोचला, कारण त्या शुल्कमाफीचा फायदा घेणाऱ्यांत आम्हीही होतो. आमच्या सूत पुरवणाऱ्याने त्या तिमाहीत भाव किलोमागे थोडा उतरवला आणि आम्ही तो मुकाट्याने घेतला. प्रश्नावलीत ‘कच्च्या मालाच्या उत्पादकाला रास्त मोबदला’ असा एक रकाना आहे. तिथे मी ‘लागू नाही’ असे लिहिले होते.

पुडीबाटली

चर्चा कपड्यांभोवती फिरते आहे, म्हणून औषधांचा मुद्दा आणतो, कारण व्यापाराचा नियम आणि जगण्याचा हक्क यांची सर्वांत उघड टक्कर तिथे झाली आणि तिचे मैदान मुंबई होते.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेला होते. त्या आडोशाखाली इथला औषधधंदा वाढला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, जेव्हा बड्या कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेला मान्य करावे लागले, की बौद्धिक संपदेचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये.

तरी २००५ पासून आपल्याला रेणूचे पेटंट द्यावेच लागले. पण कायद्यात सक्तीच्या परवान्याची (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देण्याची) तरतूद राहिली, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली ती मुंबईच्या पेटंट कार्यालयातून, ९ मार्च २०१२ च्या आदेशाने. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधासाठी तो आदेश होता, आणि त्याचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची परवानगी मिळाली आणि मूळ पेटंटधारकाला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन ठरले. पुढे ते सात टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा आदेश कायम केला. त्यानंतर अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी भारतावर जे डोळे वटारले ते आजवर वटारलेलेच आहेत.

आता शर्टाच्या बाबतीत ‘मानवी हक्कांसाठी व्यापार अडवा’ असे सांगणारे आणि गोळीच्या बाबतीत ‘व्यापाराच्या नियमासाठी हक्क थांबवा’ असे सांगणारे देश तेच आहेत. म्हणून मला धागालेखकांचा हेतूविषयीचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटत नाही. हेतू मालाप्रमाणे बदलतो हे आपण धरूनच चालावे.

दर्यासारंग_उरण

तुमचा शर्ट, यांचा बोल्ट आणि त्यांच्या गोळ्या हे सगळे जिथून बोटीत चढते तिथे मी राहतो. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, कारण दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावे जमिनीचा रास्त मोबदला मागत होती. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. जुन्या शेवा गावातले कोळी ज्या हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसवले, तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि त्याचा वाद अजून चालू आहे. माझ्या मावशीच्या घराच्या चौकटीवर टिचकी मारली तर भुसा पडतो.

चाळीस वर्षांत कोणत्याही परदेशी खरेदीदाराने विचारलेले नाही, की माल ज्या धक्क्यावरून निघतो ती जमीन कोणाची. साखळी म्हणतात, पण ती कारखान्याच्या फाटकापासून मोजतात आणि दुकानाच्या काचेपाशी थांबवतात.

दारूखाना

आणि उरलेले टोक आमच्याकडे येते. माल वाहून बोट म्हातारी झाली की ती भंगार म्हणून विकली जाते. माझगावच्या दारूखान्यात आणि गुजरातेत अलंगला अशा बोटी मोडत आल्या आहेत. माझे वडील गॅस कटर चालवत. जुन्या बोटीत बॉयलरभोवती आणि पाइपांवर पांढऱ्या दोरखंडासारखे वेष्टण असे. त्याला घरी आम्ही ‘कापूस’ म्हणत असू, आणि थंडीत दाराच्या फटीत कोंबत असू. ते ॲस्बेस्टॉस होते, हे आम्हाला २००६ मध्ये कळले, जेव्हा फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही युद्धनौका अलंगला येण्याआधी सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आणि फ्रान्सने ती परत बोलावली. जहाजे सुरक्षितपणे मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार २००९ मध्ये ठरला आणि प्रत्यक्षात लागू झाला २६ जून २०२५ रोजी. वडील २०१४ मध्ये गेले. त्यांच्या कामाचा एकही कागद आमच्याकडे नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत असे.

म्हणून, शिपिंगबिल, प्रश्नावली कितीही कंटाळवाणी असली तरी ती भरा. कोणीतरी कागद मागितला होता, एवढे तरी राहते.

गिरणगाव_परळ

दारूखाना, वाचून काही वेळ लिहवेना.

कागदाविषयी मात्र एक सावधगिरी सांगतो. माझ्या पुतण्याने दोन निर्यात कारखान्यांत वेळपालाचे काम केले. दोन्हीकडे दोन हजेरीपट होते, एक खरा आणि एक ऑडिटचा. तुम्ही ज्या फाईलविषयी लिहिता तिच्यात काय लागते हे ठरवणारा माणूस कोण, यावर बरेच अवलंबून आहे.

शिपिंगबिल

गिरणगाव_परळ यांच्या शेवटच्या वाक्यामुळे मी सर्व प्रतिसाद पुन्हा वाचून काढले आणि आमच्याकडच्या मागच्या ऑडिटविषयी लिहायचे ठरवले. दोन हजेरीपट आमच्याकडे नाहीत, पण तेवढ्याने आम्ही निर्दोष ठरत नाही.

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी जिन्यातले सगळे कार्टन खाली टेम्पोत भरून उभे केले जातात, म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी दिसते. टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्लीत उभा राहतो, आणि त्याचे भाडे आम्ही स्थानिक वाहतुकीच्या खात्यात टाकतो. धागे कापणाऱ्या बायकांना दंडावर बांधायच्या पट्ट्या आणि मास्क वाटले जातात, आणि ऑडिटवाले साहेब लिफ्टमधून उतरले की ते मोजून परत घेतले जातात. हे कोणी वाईट माणसे करत नाहीत. जिन्यात कार्टन ठेवतात, कारण दुसरा गाळा घेण्याइतका पैसा शर्टामागे उरत नाही.

प्रश्न क्रमांक एक्केचाळीस असा आहे: कामगाराला नाव न सांगता तक्रार करता येते का? गेली तीन वर्षे ऑडिटच्या कागदांत याच प्रश्नापुढे मी ‘होय, तक्रारपेटी’ असे लिहीत आलो. परवा मी ती पेटी पाहायला गेलो. ती वेळपालाच्या टेबलाशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगलेली आहे. किल्ली कोणाकडेच नव्हती. शेवटी मेंटेनन्सच्या मुलाने कुलूप तोडले. आत बेस्टचे एक तिकीट होते आणि वहीच्या कागदाची एक घडी, तिच्यावर पेन्सिलीने हिंदीत लिहिले होते: तिसऱ्या लाइनचा पंखा चालत नाही, सुपरवायझर ऐकत नाही. तारीख नव्हती, सही नव्हती. मी तिसऱ्या लाइनवर जाऊन पाहिले. पंखा आहे, पण त्याची वायर वरच कापून गुंडाळून ठेवलेली आहे.

मालकांशी मी काल बोललो. ते म्हणाले, पेटीची जागा बदल, पंखा लाव आणि ‘होय’ लिहून मोकळा हो. मी पंखा आणि जागा यांना होकार दिला आणि ‘होय’ला नाही म्हणालो. बराच वेळ गेला. शेवटी असे ठरले, की एक्केचाळीसपुढे ‘आजवर नाही’ असे लिहायचे, ‘लागू नाही’ हे कापसाच्या रकान्यातून काढायचे, आणि त्याच पत्रात काळाघोडा_वकील यांनी सांगितलेल्या कलमाचा दाखला देऊन दर कमी करण्याच्या मेलला उत्तरही द्यायचे: जिना मोकळा ठेवण्यासाठी खालचा गाळा भाड्याने घ्यावा लागेल, त्याचा खर्च शर्टामागे इतका येतो, आणि चार टक्के कपात मान्य केली तर तो निघत नाही. आकडा मी काढला आहे. तो चार टक्क्यांपेक्षा कमी आहे.

नफातोटा

ऑर्डर गेली तर?

शिपिंगबिल

जाऊ शकते. मालकांनाही तीच भीती आहे, आणि मशीनवरच्या एकशे दहा माणसांना यातले काही सांगितलेले नाही, हेही खरे. गिरणगाव_परळ यांनी लोखंड्यांच्या सभेचा उल्लेख केला तेव्हापासून ते मला खटकते आहे. शनिवारी पगाराच्या वेळी लाइनच्या तीन-चार जाणत्या कामगारांना आणि धागे कापणाऱ्या बायकांपैकी एकीला बसवून पत्र वाचून दाखवणार आहे, मराठीत आणि हिंदीत. त्यांनी काही बदल सुचवले तर मेल सोमवारी जाईल, नाहीतर शनिवारी रात्रीच.

गिरणगाव_परळ

एकीला नको, दोघींना बसवा. एकटी बाई सुपरवायझरसमोर बोलत नाही.

शिपिंगबिल

बरोबर आहे. दोघींना बोलावतो, आणि सुपरवायझरला त्या वेळी गोदामात पाठवतो.